वार पडेपर्यंत

आमची गाय चांदी पहाटे व्याली तेव्हा आत्याबाई काठी घेऊन गोठ्यात बसल्या. खळ्यावर राखणीला बसावं तशा. राखायची होती चांदीचीच कास, आणि चोर होतं तिच्याच पोटचं वासरू.

कालवड झाली होती. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, चार पाय चार दिशांना. चांदीनं चाटून चाटून तिला उभी केलेली, आणि ती धडपडत आईच्या मागच्या पायांत तोंड खुपसायला बघत होती. जवळ गेली की आत्याबाई काठी आडवी धरायच्या. मारायच्या नाहीत हो, नुसती आडवी.

"आत्याबाई, थोडं तरी पिऊ द्या. डेअरीच्या बैठकीत सांगत होते, पहिला चीक लगेच पाजा म्हणून."

"डेअरीवाल्याची गाय मेली का कधी? पोटातली वार पडू दे आधी. त्याच्या आत वासरू पिलं की वार आतच बसती."

आत्याबाई, माझ्या सासूबाई भागूबाई, म्हणजे शनिशिंगणापूरच्या आमच्या वस्तीवरचा शेवटचा शब्द. कुणाची गाय अडली की पहिलं बोलावणं त्यांना. आणि हे नुसतं खूळही नव्हतं. त्या नव्या नवरी असताना माहेराहून आंदण आलेली त्यांची कपिली व्याली. वासराची दया आली म्हणून सगळे रानात गेल्यावर त्यांनी गुपचूप त्याला पाजलं. वार पडली नाही. आतच सडली आणि गाय गेली. नवी सून पांढऱ्या पायाची म्हणून सासरी काय काय ऐकलं, ते त्या अजून सांगतात. हसत सांगतात, आणि सांगताना पदराचं टोक पिळत राहतात.

मी चांदीपुढं कडबा टाकला आणि बाजूला झाले.

वार पडली ती दिवस कलल्यावर. तोवर कालवड हंबरून हंबरून दमली होती. उठवून कासेला लावली तर चार घोट घेतले आणि तोंड फिरवलं.

"पिली की पोटभर," आत्याबाई म्हणाल्या. माझ्याकडं न बघता.

आठवडाही सरला नव्हता. कालवडीला पांढरट-पिवळी हगवण लागली, डोळे खोल गेले. बेंबीजवळ हात नेला की अंग चोरायची. बेंबी चुलीजवळच्या दगडासारखी गरम. माझ्या मालकांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी मानेत सुई घालून सलाईन लावलं आणि विचारलं, "गाभण असताना गाईला काय घालत होता?"

"काय घालनार?" मालक म्हणाले. "कडबा, न्हाईतर उसाच्या शेंड्याचं वाळलेलं वाढं. उन्हाळ्यात हिरवं कुठनं आनू?"

"त्यात वर गोठ्याच्या तापल्या पत्र्याचं ऊन. लोखंडाला गंज चढतो ना, तसा अंगाला आतून चढतो असं समजा. तो रोखायला हिरव्या चाऱ्यातलं सत्त्व लागतं. आईलाच मिळालं नाही, तर पोटातल्याला कुठून मिळणार? असं वासरू आधीच कमजोर. चीक कधी पाजला?"

मालकांनी आईकडं बघितलं. मग आत्याबाईच म्हणाल्या, "वार पडल्यावर. मी बसलेवते काठी घिऊन."

"आजी, वासराच्या आतड्याला पहिले काही तासच दार उघडं असतं. चिकातली ताकद तेवढ्यातच रक्तात जाते. मग दार बंद."

"आमच्या गावात घराला दार न्हाई, आनि एवढ्याशा वासराला बसवलं व्हय देवानं?"

डॉक्टर हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपिलीचं विचारलं. असं विचारलं की जणू ती कालच गेली.

"वासरू प्यायल्यामुळं वार अडकत नाही, आजी. गाईच्या अंगात हेच सत्त्व कमी पडलं तर अडकते, बाळंतपण अवघड गेलं तरी अडकते. उलट वासरू लुचलं की गर्भपिशवी आवळते, वार सुटायला मदतच होते."

"म्हंजी माझी कपिली माझ्या हातनं न्हाई गेली?"

"नाही."

मला वाटलं, आता या रडतील, नाहीतर मोकळ्या होऊन दोन शिव्या तरी देतील. त्या कालवडीकडं बघत राहिल्या.

"मंग ही चालली माझ्या हातनं."

डॉक्टर गेले. साखर-मिठाचं पाणी बाटलीनं थोडं थोडं पाजायचं होतं. आत्याबाईंनी कालवडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "सुकन्ये, तुला ठावं हुतं. मंग माझं का ऐकलंस?"

"सासूचं नाही ऐकायचं तर कुणाचं?" मी आपलं हसण्यावारी नेलं.

"सून आनायच्या वयाची झालीस तू. काठी काय लई जड हुती? हिसकायची, फेकायची."

मी बाटली कालवडीच्या तोंडाला लावली.

कालवड जगली. पण बेंबीतला पू रक्तातून पुढच्या गुडघ्यात उतरला. गुडघा नारळाएवढा सुजला. इंजेक्शनांनी सूज गेली, पाय आखडलेलाच राहिला. आता ती तीन पायांवर आणि आत्याबाई काठीवर, दोघी अंगणात बरोबरच फिरतात. लंगडी कालवड ठेवून काय करायचं, असं मालक म्हणतात. माझ्यासमोर म्हणतात. आईसमोर म्हणायची छाती नाही.

परवा शेजारची रोहिणी धावत आली. "आजी, गाय याली. वासरू लई वरडतंय, पन वार पडली न्हाई अजून. पाजू का थांबू?"

कालवड ओट्याला टेकून उभी होती. आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं.

"पाज. आत्ताच्या आत्ता. आनि बेंबीला औषध लाव."

"पन मागल्या येळंला तुमीच तर..."

"मागल्या येळंला मी चुकले. पळ आता!"

रोहिणी पळाली. आत्याबाई मटकन ओट्यावर बसल्या.

"तिची वार न्हाई पडली तर गं? एकच गाय हाय तिची."

"पडेल हो. डॉक्टर म्हणालेत ना."

"डॉक्टरची गाय मेली का कधी?"

काठीवर भार देऊन त्या उठल्या. "चल. वार पडंस्तोवर बसू तिच्यापशी."

आम्ही पोचलो तेव्हा वासरू कासेला लागलं होतं, शेपूट हलत होतं, तोंडाला फेस. आत्याबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. काठी भुईवर आडवी ठेवून त्या गाईच्या मागं उकिडव्या बसल्या. रोहिणीनं चहा आणला. त्याच्यावर साय धरली, तरी कप तसाच.

ऊन उतरलं. वासरू पिऊन झोपलं. वार अजून लोंबतच होती.