सुरभीची शिकवणी

"अम्मा, आता ते मध्यमाबाई म्हना न् मले मोकळं करा," शकुबाई म्हणाली आणि निवडलेल्या मेथीची परात तिने उंबऱ्याच्या आत सरकवली.

अम्मांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चटईवर बसल्या बसल्या त्यांनी तंबोऱ्यासारखा सूर धरणाऱ्या श्रुतीपेटीचा आवाज थोडा वाढवला, डोळे मिटले आणि भलत्याच रागाला सुरुवात केली. शकुबाईने कपाळावर हात मारला. बावीस वर्षं ती या घरात काम करत होती. कुठल्या रागाला किती वेळ लागतो हे तिला भाजी शिजायला लागणाऱ्या वेळेइतकं पाठ होतं, आणि हा चांगला अर्ध्या तासाचा होता.

अम्मा म्हणजे राजलक्ष्मी. त्यांचे यजमान पुलगावच्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर गावाकडे न जाता त्यांनी इथेच घर बांधलं आणि चार वर्षांपूर्वी त्याच घरात वारले. डेपोत दक्षिणेकडची बरीच कुटुंबं असायची. त्यांच्या मुली अम्मांकडे गाणं शिकायला यायच्या, तेव्हा दारात चपला ठेवायला जागा नसे. एकेकाच्या बदल्या होत गेल्या. शेवटची मुलगी बापाबरोबर जोधपूरला गेली, त्यालाही आता दोन वर्षं झाली होती. तरी चार वाजले की अम्मा पातळ बदलून चटईवर बसायच्याच. ऐकायला एकटी शकुबाई.

मध्यमावती हा शेवटी गायचा राग. पाचच स्वर, चढताना तेच आणि उतरतानाही तेच. गाताना कुठे काही चुकलंमाकलं असेल तर हा गाऊन त्याची माफी मागायची आणि मग उठायचं, अशी त्यांच्या कर्नाटकी गाण्यातली रीत. शकुबाईपुरता त्याचा अर्थ एवढाच, की तो सुरू झाला की चपला पायात घालायच्या. पण यजमान गेल्यापासून अम्मांची मध्यमावती रोज आणखी उशिरा सुरू व्हायला लागली होती.

"काऊन म्हनत नाई तुमी ते?" एकदा शकुबाईने सरळच विचारलं.

"आज चूकच झाला नाही, शकु," अम्मा शांतपणे म्हणाल्या. चाळीस वर्षं पुलगावात काढूनही त्यांच्या मराठीत बाई आणि बाप्या यांची गल्लत व्हायची ती व्हायचीच. "माफी कशाचा मागू?"

"माह्या घरी वाट पाहून राह्यले असतीन न सारे."

"हो, हो. जा. फक्त हा एक."

आता खरं सांगायचं तर शकुबाईच्या घरी वाट पाहणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. रेल्वेलाइनच्या पलीकडे तिची दीड खोली, दाराला कुलूप आणि किल्ली तिच्याच कमरेला. मुलगा कैलास पाच वर्षांपूर्वी बायको दामिनीला आणि दीड वर्षाच्या सुरभीला घेऊन हैदराबादला गेला होता. तिकडे गोदामात काम लागलं. दिवाळीला फोन यायचा, कधी पोळ्यालाही.

तो गेला त्या दिवशी अम्मांनी शकुबाईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं होतं, स्वतः कॉफी करून दिली होती आणि 'एकटी पडला गं तू' म्हणून डोळे पुसले होते. शकुबाईने कॉफी तशीच ठेवली. जिची भांडी घासायची तिनेच आपली कीव करावी हे तिला सोसलं नाही. दोन महिन्यांनी तिने सांगून टाकलं, "आला आमचा कैलास वापस. तिकडचं पानी नाई मानवलं त्याले."

थाप मारणं सोपं, पण पोसावी लागते. घरात नसलेल्या सुरभीला मग शकुबाईने वाढवलं. तिला कांजिण्या आणल्या, तिचा दुधाचा दात पाडला, तिला शाळेत घातलं. अम्मांचे गुडघे गेलेले, त्या फाटकाबाहेर पडत नसत, त्यामुळे बिंग फुटायची भीती नव्हती. अम्मा रोज सुरभीची चौकशी करायच्या आणि शकुबाई रोज काहीतरी सांगायची. कधीकधी सांगता सांगता तिला स्वतःलाच बरं वाटायचं.

यात एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. सुरभी आता साडेसहा वर्षांची झाली होती.

"तिला माझ्याकडे आण," एक दिवस अम्मा म्हणाल्या. "हाच वय आहे. मी शिकवते."

शकुबाईने घासलेला पेला पुन्हा विसळायला घेतला. "तिची ट्युशन रायते न, अम्मा, चार वाजता."

पुढच्या आठवड्यात ताप आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पोरगी लाजते असं निघालं. अम्मांनी विचारायचं सोडलं. दोन दिवस त्या चटईवर बसल्याच नाहीत. अंगातलं सगळं कुणाला तरी देऊन टाकायला ही बाई बसली आहे आणि घ्यायला कोणी नाही, हे शकुबाईला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तिसऱ्या दिवशी अम्मांनीच तोड काढली.

"लाजते तर लाजू दे. मी तुला सांगते, तू घरी तिला सांग."

"मी? अवं माय! मले काय समजते त्यातलं?"

"बावीस वर्षं ऐकला ना तू? बस इथं." अम्मांनी पंजा पसरला. "पाच बोटं, पाच स्वर. सा, रि, म, प, नि. ग आणि ध यांना आमंत्रण नाही."

असं म्हणून त्यांनी मध्यमावतीच धरली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "हा शकुला अगोदरच येतो."

आणि खरंच येत होता. शकुबाई घरी जाऊन दार लावून घ्यायची आणि शेगडीपुढे बसून पाच बोटं मोजत गायची. पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडच्या जिजाबाईने विचारलं, "काऊन वं शकू, पोट दुखते काय?" पुढे पुढे मात्र ती काही विचारेनाशी झाली. कधी कधी तर तिच्याकडचा टीव्ही तेवढ्यापुरता बंद व्हायचा.

दुसऱ्या दिवशी अम्मांची परीक्षा ठरलेली. "म्हटला तिने?"

"म्हनलं."

"नि कसा लागला?"

"नि जरासा खाली रायते तिचा." हे शकुबाई खरं सांगायची, कारण तिचा स्वतःचा नि खालीच राहायचा.

"खाली कसा? तू म्हणून दाखव, तिच्यासारखा."

शकुबाई सुरभीसारखं म्हणून दाखवायची. अम्मा तो स्वर तिच्या गळ्यातून वर उचलून घ्यायच्या आणि सांगायच्या, "असा सांग तिला. घाई नको. लहान आहे."

एक दिवस नि नीट लागला. अम्मांनी तो पुन्हा एकदा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, "तुझ्या नातीचा गळा गोड आहे, शकु." शकुबाई उठून मागच्या मोरीवर गेली आणि नळ सोडून पोटभर रडली. एकसष्टाव्या वर्षी तिला कोणीतरी शाबासकी दिली होती आणि ती तिला घेता येत नव्हती.

गंमत अशी की शिकवणी सुरू झाल्यापासून अम्मा मध्यमावती वेळेवर गाऊ लागल्या. पोरीला जेवायच्या आधी धडा मिळाला पाहिजे म्हणून साडेपाचलाच शकुबाईला घालवायच्या. आता शकुबाईच रेंगाळायची. अजून थोडी डाळ निवडून ठेवते म्हणायची. अम्मा ऐकत नसत.

माघात अम्मा न्हाणीघरात पडल्या. सकाळी नऊला शकुबाई आली तेव्हा त्या दोन तास तशाच ओल्या फरशीवर होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण बंगळुरूहून मुलगा धावत आला. बालू पुलगावातच वाढलेला, त्यामुळे बोलणं इथलंच. त्याने शकुबाईला स्वयंपाकघरात गाठलं. अम्मा पलीकडे खाटेवर टेकून बसल्या होत्या.

"मावशी, अम्माले आता एकटं नाई ठेवता येत. तिचा जीव इथं आहे, मले ठाऊक आहे. तुमाले इथंच राहता येईन काय? कायमचं. मंग मी तिले नाई नेत."

शकुबाईच्या तोंडाशी 'हो' आलं. दीड खोलीला कुलूप लावायचं आणि एक पेटी उचलून आणायची, एवढंच तर काम होतं. पण 'हो' म्हणायचं तर कैलास, दामिनी आणि सुरभी यांना एका वाक्यात हैदराबादला परत पाठवावं लागणार होतं. आणि मग अम्मा विचारणार, मी शिकवत होते ती कोण?

ती शब्द जुळवत होती तेवढ्यात खाटेवरून अम्मांचा आवाज आला. "काय विचारतोस, बालू? तिचा घर भरलेला आहे. मुलगा-सून कामाला जातात, नात लहान आहे. ती कशी येईल?" मग शकुबाईकडे पाहून त्या हसल्या. "तू वाईट वाटून घेऊ नको. मी जाते."

बालूने मान हलवली. "खरं आहे. माह्या ध्यानातच नाई आलं."

शकुबाईने फडकं उचललं आणि ओटा पुसायला घेतला. मघाचं 'हो' तिच्या तोंडातच राहिलं.

आठ दिवसांत सामान बांधून झालं. जायच्या आदल्या दिवशी चार वाजता अम्मा खोक्यांमध्ये चटई टाकून बसल्या. शकुबाईने त्यांच्या समोर बसकण मारली. आज निवडायला काही नव्हतं.

"अम्मा, एक गोष्ट सांगाची होती मले. सुरभी..."

"माहीत आहे. ती रडेल." अम्मांनी श्रुतीपेटी चालू केली. "तिला सांग, सगळा सोडला तरी चालेल, हा एक सोडू नको. आज आपण दोघी म्हणू, म्हणजे तुझ्या डोक्यात पक्का बसेल. मग तू तिला दे."

आणि त्यांनी मध्यमावतीच धरली. ना आधी दुसरा राग, ना काही. अम्मा गाताना मध्ये बोलायचं नाही हे शकुबाईला बावीस वर्षं माहीत होतं. तिने तोंड उघडलं ते गाण्यासाठीच. बालू दारात येऊन उभा राहिला. ही भांडी घासणारी मावशी आईच्या सुरात सूर मिळवून गाते आहे हे पाहून त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. शकुबाईचा नि आज जिथे लागायचा तिथेच लागला. चुकांची माफी मागायचा राग म्हणतात. मागून घेतली तिने, पण कशाची ते समोरचीला कळलं नाही.

गाणं संपल्यावर अम्मांनी श्रुतीपेटी बंद केली, तिच्यावरून एकदा पदर फिरवला आणि ती शकुबाईच्या मांडीवर ठेवली. "सुरभीला. जा आता. पोरगी वाट पाहत असेल."

"हो," शकुबाई म्हणाली. "पाहत असन."

ती पाया पडली, पेटी पिशवीत घातली आणि निघाली. अम्मा वॉकर धरून फाटकापर्यंत आल्या होत्या. त्या पाहत होत्या, म्हणून कोपऱ्यापर्यंत शकुबाई लगबगीने चालली, घरी सगळे खोळंबले असल्यासारखी. कोपरा वळल्यावर ती हळू झाली.