माझ्या लेखी

शिंपीणबाईंनी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची नवसाची प्रार्थना, धरली होती, आणि तीही अटीवर. धाकट्या बहिणीशी धरलेला अबोला सुटावा, पण पहिला शब्द तिनं बोलावा. देवाकडे मागायचं आणि वर त्यालाच अटी घालायच्या, हे धारिष्ट्य पक्क्या भाविकालाच जमतं.

भांडण अकरा वर्षांचं. आईच्या वर्षाच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर, घरी जपमाळ म्हणताना थोरली म्हणाली होती, "तू माळ म्हणत नाहीस, उरकतेस." धाकटीनं फटकन उत्तर दिलं, "आणि तू देवाला झोपवतेस." झालं! नमो मरिये म्हणणारी दोन तोंडं एकमेकींपुरती बंद झाली. धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिकडच्याच चर्चला जायची. कुणी तिचा विषय काढला की शिंपीणबाई फादरांच्या झग्याचा दोरा दातांनी तोडत म्हणायच्या, "माझ्या लेखी ती मेली."

पण धाकटी पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी परदेशातल्या मुलाकडे चालली आहे, तीही कायमची, असं बाईंच्या कानावर आलं. आपण होऊन तिचं दार वाजवणं? छे! त्यापेक्षा नोव्हेना बरी. तिचा नववा दिवस गुरुवारी येत होता. त्या सकाळच्या मिस्सासाठी त्यांनी चर्चच्या कचेरीत चिठ्ठी दिली, 'माझ्या धाकट्या बहिणीसाठी'. खाली दोन चौकटी होत्या, हयात आणि मृत. बाईंनी दोन्ही रिकाम्या सोडल्या. ती जिवंत आहे हे देवाला काय सांगायचं?

देवाला नसेल, पण कारकुनाला सांगायला हवं होतं.

गुरुवारी फादरांनी शांत आवाजात वाचलं, "आपल्या शिंपीणबाईंच्या परलोकवासी धाकट्या बहिणीच्या आत्म्यासाठी." मग म्हणाले, "हे प्रभू, तिला चिरशांती दे." सगळ्यांबरोबर शिंपीणबाईंनीही खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "तिच्यावर अखंड प्रकाश पडू दे." पन्नास वर्षांची सवय, जीभ थोडीच थांबते! आपण काय बोललो ते पुढच्या क्षणी कळलं.

मिस्सा संपताच त्यांनी कारकुनाला गाठलं.

"अहो, मृत कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं. तुम्ही चौकट भरली नव्हती ना."

"म्हणून माणूस मारायचं?"

"बाई, अकरा वर्षं तुम्हीच सांगताय, तुमच्या लेखी ती मेली. मी फक्त तसं लेखी केलं."

तोवर अर्धं चर्च भोवती जमलं होतं. ती जिवंत आहे, एवढं म्हणायचा अवकाश, पण मग जिवंत बहिणीसाठी मिस्सा कशाला, हा प्रश्न आला असता आणि आधी कोण वाकलं ते जगजाहीर झालं असतं. बाईंनी ओठ घट्ट मिटले. लोकांना वाटलं, दुःखानं वाचा बसली.

अकरा वाजेपर्यंत शेजारणी काळे कपडे घालून त्यांच्या बाहेरच्या खोलीत माळ म्हणायला बसल्या. शिवणयंत्र भिंतीला सरकवलं, कुणी मेणबत्ती लावली. एका म्हातारीनं पाठीवर हात फिरवत हळूच विचारलं, "शेवटचं बोलणं तरी झालं होतं का गं तुमचं?"

बाई हमसून हमसून रडल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

इकडे एक सज्जन शेजारी फुलं घेऊन थेट धाकटीच्या घरी सांत्वनाला गेला होता. दार खुद्द मयतानंच उघडलं. तो बिचारा पायरीवरच बसला. त्याला पाणी पाजून, सगळी हकीकत काढून घेऊन धाकटी तडक निघाली.

माळेतल्या दहा मण्यांचं चौथं दशक चालू असताना ती दारात उभी राहिली. एक बाई किंचाळली. बाकीच्यांनी क्रूस केला.

"मी मेले, आणि मलाच पत्ता नाही?" धाकटी म्हणाली.

पहिला शब्द तीच बोलली होती. नोव्हेना शब्दशः फळली होती. शिंपीणबाईंनी आता मान ताठ करायला हरकत नव्हती, पण मान काही वर होईना.

"माझ्यासाठी मिस्सा कुणी सांगितली?" धाकटीचा आवाज चढला. "कुणाला घाई झाली होती?"

सगळ्या कारकुनाचं नाव सांगायला सरसावल्या. शिंपीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी सांगितली," त्या म्हणाल्या. "मेलीस म्हणून नाही. तू जाऊ नयेस म्हणून."

धाकटीनं थोरलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं.

"शनिवारचं तिकीट आहे, ताई," ती म्हणाली. "आता काही बदलत नाही."

"आधी सांगितलं असतंस तर?"

"कुणाला सांगणार होते? तुझ्या लेखी मी मेलेच होते ना."