ज्या हाकेला ओ नाही

मी पोपट बोलतोय. पोपट बोलतो यात काय नवल, असं म्हणाल. खरंय. पण मला येतो तो एकच शब्द, एका मुलीचं नाव. त्या एका शब्दापायी माझं घर सुटलं.

माझा जन्म एका जुन्या झाडाच्या ढोलीत झाला. फांद्या विजेच्या तारांना अडतात म्हणून तोडल्या, तेव्हा मी रस्त्यावर पडलो. छापखान्यात कामाला जाणाऱ्या एका मुलीनं मला उचललं आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात रुमाल अंथरून घरी आणलं. मनातल्या मनात मी तिला ताईच म्हणतो.

"हे काय ध्यान आणलंस?" तिची आई म्हणाली.

"ध्यान नाही गं, पोपट आहे."

"असेल बाई. मला तर सोललेली कोंबडी दिसतेय."

पण भिजवलेली डाळ वाटून मला चिमटीनं भरवली ती आईनंच.

घरात माणसं तीन. आई घरीच शिवणकाम करायची, ताईचा भाऊ, दादा, शाळेची बस चालवायचा आणि तिसरी ताई. चष्मा सापडेना, सुईत दोरा जाईना, दूध उतू चाललं, की आईची ताईच्या नावानं हाक. नाव चांगलं लांबलचक होतं. शेजारीण म्हणायची, "जिभेला घाम फुटतो हो! एखादं टोपणनाव ठेवा की."

"हौसेनं ठेवलंय," आई फणकारायची. "मोडतोड कशाला करू?"

शेवटचं अक्षर लांबवत, गाणं म्हटल्यासारखी ती हाक मारायची. ऐकून ऐकून तीच हाक माझ्या तोंडी बसली. मी हाक मारली की ताई आतून ओरडायची, "आले गं आई!" बाहेर येऊन बघते तर मी. "तू होय रे लबाडा!" हाक मारली की माणूस येतं, एवढंच मला जगाबद्दल ठाऊक होतं.

मग ताईला ताप आला. साधाच वाटला. दवाखान्यात नेलं, आणि दादा तिच्या चपला पिशवीत घालून परत आला.

त्या दिवसांत मी खूप हाका मारल्या. आईचं मशीन थांबायचं. ती दाराकडे बघायची, मग उठून माझ्या पिंजऱ्यावर चादर टाकायची. रागावली कधीच नाही. तो शब्द काढला की अंधार होतो हे मला हळूहळू कळलं. मी बोलणं सोडलं. घरात ते नाव कुणीच घेईना.

पुढे दादाचं लग्न झालं. वहिनी औषधांच्या दुकानात काम करायची. त्यांना मुलगी झाली आणि घरात पुन्हा आवाज आला. बाळाचं नाव काय ठेवायचं, यावर रोज जेवताना वाद. एके दिवशी दादानं ताईचं नाव घेतलं.

"हेच ठेवूया."

वहिनी म्हणाली, "अहो, नाव सुंदरच आहे. पण माझ्या लेकीला हाक मारताना तुम्ही दोघं दुसऱ्याच कुणाला तरी शोधाल."

"घरात टोपणनावानं बोलावू. हे नुसतं कागदावर."

"कागदावरच राहायचं असेल, तर ठेवायचं कशाला?"

दोघांनी आईकडे पाहिलं. ती झबल्याला बंद लावत होती. "ठेवा," एवढंच म्हणाली.

आणि मला राहवलं नाही. मी हाक मारली. जशी शिकलो होतो तशीच, शेवटचं अक्षर लांबवत.

आवाज आईचाच होता, पण तेव्हाचा. सासूचा असा आवाज वहिनीनं कधी ऐकलाच नव्हता. "आई, हा... तुमचा?" तिनं विचारलं. आईच्या हातातलं झबलं खाली पडलं. ती रडली, अगदी तोंड उघडून, लहान मुलासारखी. वहिनी तिला कुशीत घेऊन बसून राहिली.

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "नको रे ते नाव. त्या हाकेला ओ देणारी गेली. या पोरीला तिची स्वतःची हाक द्या." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "माझ्या लेकीला टोपणनाव ठेवलं असतं, तर हाकेचं ते नाव तिच्याबरोबर गेलं असतं. खरं नाव तरी मागे उरलं असतं."

नाव वहिनीनं निवडलं, दोन अक्षरी. तरीही आईनं हट्टानं टोपणनाव ठेवलंच: ठमी.

माझं तोंड मात्र पुन्हा उघडलं होतं. मी दिवसभर हाका मारू लागलो. ठमी रांगायला लागली, ती माझ्याच हाकेकडे. एका सकाळी पिंजऱ्याखाली बसून, मान वर करून ती म्हणाली, "ओ!"

दादाचा घास हातातच राहिला. वहिनीनं ठमीला उचलून घेतलं. बोलली ती आई.

"याचा काही दोष नाही. पण पोर भलत्याच हाकेला ओ द्यायला लागली."

तिनं स्वतःच मला उचलून कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे आणलं. जाताना पिंजऱ्याच्या गजांवरून बोट फिरवत राहिली.

आता मी इथेच असतो. पिसं विरळ झालीत, एका डोळ्यानं कमी दिसतं. अधूनमधून आई येते. काका मुद्दाम चहाला बाहेर जातात. ती स्टुलावर बसते, म्हणते, "बोल ना रे, एकदा." मी हाक मारतो. ती डोळे मिटून ऐकते आणि ठमीला शाळेतून आणायला निघते.

बाळाचं नाव हौसेनं ठेवा, हवं तर टोपणनावही ठेवा. पण गेलेल्या माणसाच्या नावावर चादर घालू नका. चादरीखाली खूप अंधार असतो, मी बसलोय तिथे.