माझ्या नळीतली संकष्टी

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही सहसा कुणावर ठेवत नाही.

श्रूजबरी या परदेशी गावातल्या एका निवृत्त शिक्षकाने लाकडी नळीत दोन भिंगे बसवून मला घडवले, चारशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने. त्या काळी अशाच नळीतून एका शास्त्रज्ञाला चंद्रावर डोंगर दिसले होते. चंद्र नितळ मानणारे काही पंडित म्हणाले, "दोष काचेतच असेल." ती नळी धरणारा शास्त्रज्ञही देव मानणाराच होता. तरी आम्हा दुर्बिणींवरचा संशय काही गेला नाही.

शिक्षकाच्या मुलांनी माझे कौतुक केले, मग मी तळघरात धूळ खात पडले. २००५ साली त्याच गावात राहणाऱ्या अवधूतने मला जुन्या सामानाच्या विक्रीतून आपल्या लेकीसाठी, इशितासाठी आणले.

त्या ऑक्टोबरात नागपूरहून त्याची आई, वसुधाआजी, आली. संकष्टीला तिने कडक उपास धरला.

"आजी, मून आलाय! त्या चिमणीच्या वर बघ ना," इशिता म्हणाली.

"मला नाही दिसत. पंचांगात आठ बत्तीस आहे."

"आई, ते पंचांग नागपूरचं आहे. खाऊन घे, शुगर लो होईल," अवधूत म्हणाला.

"खोटं सांगून उपास सोडवता काय रे?" आजीने पंचांग पुढे केले.

इशिताने मला आजीच्या डोळ्याला लावले आणि चंद्र स्पष्ट होईपर्यंत माझी नळी हळूहळू सरकवली. आजी दचकून मागे झाली. "आत चित्र चिकटवलंय पोरीनं!"

"मग चेक कर ना!"

आजीने माझ्यापुढे तळहात धरला. चंद्र गेला. हात काढला, परत आला. मला झाडाकडे वळवले, तर नुसता काळोख. पुन्हा चंद्राकडे वळवले.

"डाग आहेत गं याला."

"ते डोंगर आणि खड्डे आहेत, आजी."

"असू देत. आपलाच आहे." तिने अर्घ्य दिले आणि मोदक घेतला.

"आई, चष्म्याचा नंबर कधी तपासलास?"

"दोन वर्षं झाली."

"मग एवढे दिवस संकष्टीला चंद्र कसा बघत होतीस?"

"घड्याळ बघून सोडत होते," आजी हळूच म्हणाली.

मग तिने मला नमस्कार केला आणि कुंकू लावले, थेट पुढच्या काचेवर! दुसऱ्या दिवशी इशिता ओरडली, "आजी, मून रेड झाला!"

आजीने खजील होऊन पदराने काच पुसली. एक बारीक ओरखडा राहिला, तो अजून आहे.

मित्रांनो, तुम्हाला कुंकू लावायचे तर माझ्या लाकडाला लावा, मला आवडेल. काचेपुढे तळहात धरा, माझी खुशाल परीक्षा घ्या. काच मात्र मऊ कापडाने पुसा आणि मोकळी ठेवा.