टपावरचा तंबू

मिस्त्रींनी आमच्या पिकअपच्या टपावर जुना विकत घेतलेला तंबू बसवला, बोल्ट आवळले आणि नवऱ्याला म्हणाले, "दादा, आता चढून बघा."

तो शिडीवरून वर गेला तशी गाडी नव्या स्प्रिंगांवर जराशी खाली दबली. तो उतरला, पण गाडी वर आली नाही.

आई झाल्यापासून माझी नजर असल्याच गोष्टींवर जाते. आणि आज आमची छकुली याच तंबूत झोपणार होती.

"गाडी अजून खालीच आहे," मी म्हणाले.

"वहिनी, स्प्रिंगा नव्या आहेत, आखडल्यात. होतील मोकळ्या."

"हिला दह्यातसुद्धा काटे दिसतात हो," नवरा हसला.

मी छकुलीला कडेवर घेऊन शिडीपाशी गेले. तंबूची चेन उघडी होती. आत कोणीच दिसत नव्हतं.

"काढा तो तंबू. माझी मुलगी यात झोपणार नाही."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. मिस्त्री कुरकुरत पाना घेऊन आले. त्यांनी पहिल्या बोल्टला पाना लावला, तोच शिडी थरथरली, आणि कोणी उतरून जावं तशी गाडी अलगद वर आली.

"बघा, झाल्या की नाही मोकळ्या!" मिस्त्री म्हणाले.

"पटलं आता?" नवऱ्याने विचारलं.

कडेवरची छकुली एकाएकी इतकी जड झाली होती, की मला भिंतीला टेकावं लागलं. झोपलेलं मूल जड लागतं म्हणतात. छकुली तर टक्क जागी होती.