हद्दूच्या अंगणातला राखाडी सिलिंडर

मित्रांनो, मी गॅसचा सिलिंडर. रंगाने राखाडी, अंगाने पोलादी, पोटात अकरा किलो गॅस मावेल एवढा. आज मी जर्मनीतल्या एका भंगाराच्या आवारात माझ्यासारख्याच पोचे आलेल्या जुन्यांच्या रांगेत उभा आहे. माझी तपासणीची मुदत संपली आणि मला पुन्हा तपासून घ्यावे असे कुणाला वाटले नाही. त्याचे मला दुःख नाही. पण माझ्यादेखत एक गोष्ट घडली आहे. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय भट्टीत जाववत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या दोन वाट्या एकमेकींना जोडून त्यांनी मला घडवले, पोटात पाणी दाबून भरले आणि मी फुटत नाही हे पाहून मगच रंग दिला. पुढे मला हिनर्क टामेना या म्हाताऱ्याने विकत घेतले. हिनर्क उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरचा. उभे आयुष्य त्याने जहाजांच्या गोदीत वेल्डिंग केले होते. निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याची बायको फोल्के हिने मोटारहोम घेतले. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. दर हिवाळ्यात ती दोघे त्यातून मोरोक्कोच्या समुद्रकाठी येऊन राहत.

गाडीच्या कुशीत एक कप्पा होता. त्यात मी आणि माझा जोडीदार पट्ट्याने घट्ट बांधलेले असू. एक चालू, एक राखीव. शेगडी, फ्रीज आणि हीटर आमच्या जिवावर चालत. आपल्या देशात रिकामा सिलिंडर दिला की भरलेला मिळतो. परदेशात तसे नसते. तिथले सिलिंडर वेगळे, त्यांचे आटे वेगळे. मला कुणी बदलून घेत नसे. जो कुणी भरून देईल तो शोधावा लागे. म्हणून हिनर्क मला फार जपून वापरी. दर चार दिवसांनी काट्याला टांगून माझे वजन करी. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाही. शेजारच्या गाड्यांतली माणसे त्याला विचारायला येत, आणि "हिनर्कसारखा सिलिंडर सांभाळावा" असे म्हणत. तेव्हा माझी छाती फुगे. हिनर्क मात्र कधी हसत नसे.

त्याचे कारण मला एका जानेवारीत कळले.

समुद्रकाठी आमचा मुक्काम होता. जर्मनीतल्या घरी जाऊन, तिथून फिरत फिरत एक पत्र आले. फोल्केने ते खिडकीशी बसून मोठ्याने वाचले. खिडकीखालीच माझा कप्पा होता. पत्र इत्तो नावाच्या बाईचे होते. ती हद्दूची सून. हद्दू हा मोरोक्कोतल्याच अॅटलासच्या डोंगरातला माणूस. तरुणपणी जर्मनीत जाऊन हिनर्कच्याच गोदीत कामाला लागला होता. इत्तोने लिहिले होते, "सासरे अंथरुणाला खिळले आहेत. तुमची आठवण काढतात."

"मी जातो," हिनर्क म्हणाला.

"दोघं जाऊ. पण जाऊन सांगणार काय?"

"जे एकतीस वर्षं सांगितलं नाही, ते."

फोल्केने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "सांगशील ना पण? की चहा पिऊन परत येशील?"

मित्रांनो, एकतीस वर्षांपूर्वी गोदीत एका जहाजाच्या तळाशी गॅसच्या बाटलीचा, म्हणजे सिलिंडरचाच, व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. जेवणाच्या सुट्टीत गॅस साचला, ठिणगी पडली आणि एका कामगाराचे दोन्ही हात भाजले. ती बाटली हद्दूच्या नावावर होती. त्याची नोकरी गेली आणि तो गावी परतला. पण सुट्टी व्हायच्या आधी ती बाटली घटकाभर हिनर्कने घेतली होती. व्हॉल्व्ह त्याच्या हातून उघडा राहिला होता. त्याच्या घरात दोन लहान मुले होती. तो बोलला नाही.

डोंगराकडे निघालो तेव्हा आम्ही दोघेही सिलिंडर रिकामे झालो होतो. मेकनेस शहराबाहेर ड्रिस नावाचा माणूस गॅस भरून देई. त्याने आम्हाला काट्यावर ठेवले आणि काटा एका खुणेशी आला तसा नळ बंद केला.

"अजून थोडा घाल की," हिनर्क म्हणाला.

"नाही काका. उन्हात गॅस फुगतो. ती रिकामी जागा तुमच्याच जिवासाठी ठेवलीय." मग त्याने फोल्केकडे वळून विचारले, "काकू, कुठं निघालात? डोंगरात नका जाऊ हां. आमचा गॅस ब्युटेन. तुमच्याकडचा प्रोपेन थंडीला जुमानत नाही. पारा शून्याखाली गेला की हा झोपतो, उठायचं नाव घेत नाही."

"दोन दिवसांचं तर काम आहे," हिनर्क म्हणाला आणि माझा पट्टा आवळू लागला.

हद्दूचे घर उंचावर होते. अंगणापर्यंत गाडी जाई. खिडकीशी मांडलेल्या बिछान्यातून हद्दूने दोन्ही हात वर केले. "हिनर्क! लेका, किती म्हातारा झालास रे! माझ्यापेक्षा तूच मरायला टेकलेला दिसतोस!"

घरातली सगळी हसली. हद्दूची जर्मन अजून पक्की होती, आणि त्याने ती सुनेलाही शिकवली होती. दोन दिवस चहा झाला, जवाची भाकरी आणि ऑलिव्हचे तेल झाले, जुन्या माणसांच्या गोष्टी झाल्या. एवढे सगळे होऊनही हिनर्कने ती एक गोष्ट सांगितली नाही. गाडीत परतला की फोल्के फक्त त्याच्याकडे बघे.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडू लागला. रस्ता बंद झाला. सकाळी हीटर विझला. मी काठोकाठ नसलो तरी चांगला भरलेला होतो, माझा जोडीदारही होता. पण पोटातला गॅस थंडीने गोठल्यासारखा पडून राहिला. वर चढेना. हिनर्कला आधीच्या वर्षी न्यूमोनिया झाला होता. त्याला खोकल्याची उबळ येत होती, आणि मी कप्प्यात भरलेल्या पोटाने निरुपयोगी उभा होतो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

हिनर्क पडवीतून निखाऱ्यांची शेगडी उचलून घेऊन आला. तो ती माझ्याजवळ ठेवणार होता, मला ऊब द्यायला. फोल्के धावत आली आणि दोन्ही हात पसरून कप्प्यापुढे उभी राहिली.

"मागे हो!"

"अगं, जरा गरम झाला की पेटेल."

"पेटेलच! एकदा तुझ्या हातून झालं ते पुरे नाही झालं?"

हिनर्क शेगडी बर्फात ठेवून खाली बसला.

आवाज ऐकून इत्तो आली. तिने एका नजरेत सगळे ओळखले. "काकू, आधी काकांना आत घ्या. आमच्याकडे लाकडाची भट्टी पेटलीय. माणसं गारठून मरायला आलीत आणि तुम्ही बाटली कसली शेकताय?" मग तिने स्वतः माझा व्हॉल्व्ह बंद केला, मला उचलून अंगणात हद्दूच्या खिडकीखाली आणले आणि कोमट पाण्याच्या टोपात उभे केले. "उठेल हळूहळू. घाई केली की घात होतो," ती म्हणाली.

दुपारपर्यंत माझ्यात जीव आला. इत्तोची निळी गॅसची बाटली संपत आली होती, म्हणून तिने मला पडवीतल्या तिच्या शेगडीला जोडून पाहिले. नळी बसेना. हद्दू खिडकीतून बघत होता. तो खो खो हसला.

"सोड पोरी! त्याचे आटे उलटे आहेत. जर्मनीहून आलाय ना, आपलं ऐकतोय कशाला!" मग त्याचे हसू मावळले. "हिनर्क, गोदीतल्या बाटल्यांचेही आटे उलटेच होते. मी रोज बंद करायचो. त्या दिवशीही केली होती, असं अजून वाटतं. पण एक माणूस भाजला, म्हणजे नसेलच केली. रात्रंदिवस विचार करतो. हात तर माझेच ना?"

हिनर्क आत हद्दूच्या बिछान्याशी बसला होता. इत्तोने खिडकीशी कडवट दवणा घातलेला चहा ठेवला. हिनर्कने तो घेतला नाही.

"हद्दू, तू बंद केली होतीस. नंतर मी उघडली. मी विसरलो. आणि मी बोललो नाही."

 मला खिडकीतून हद्दूचे हात दिसत होते. त्याने ते पांघरुणावर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे असे पाहिले, जणू ते हरवून परत आले होते. मग त्याचा आवाज चढला.

"तीन दिवस माझ्या घरचं अन्न खाल्लंस! एकतीस वर्षं मी पोरांना काय सांगितलं माहितीय? तुमचा बाप निष्काळजी होता, तुम्ही तसं होऊ नका!"

"मला माफ कर."

"माफीचं नंतर बघू. इत्तो! सगळ्यांना बोलाव. शेजाऱ्यांनाही. हा जे बोलला ते त्यानं पुन्हा सगळ्यांसमोर बोलायचं."

माणसे जमली. हिनर्क भिंतीला धरून उभा राहिला आणि पुन्हा बोलला. वाक्यागणिक इत्तो ते गावच्या भाषेत सांगत होती. शेवटचे वाक्य तिने मोठ्याने सांगितले. हद्दूचा थोरला मुलगा उठला आणि बापाच्या पायांशी जाऊन बसला. हिनर्ककडे कुणी पाहिले नाही. पण जेवणाच्या वेळी त्याच्यापुढेही भाकरी ठेवली गेली.

चार दिवसांनी रस्ता मोकळा झाला. निघताना हद्दूने हिनर्कला जवळ बोलावून एवढेच म्हटले, "ज्याचे हात भाजले, तो जिवंत आहे का बघ. त्यालाही सांग."

तो जिवंत होता. जर्मनीला पोहोचल्यावर हिनर्क त्याच्या दारी गेला. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, कारण मी गाडीत होतो. एप्रिलमध्ये इत्तोचे पत्र आले. हद्दू गेला होता. हिनर्क त्यानंतर कधी मोरोक्कोला गेला नाही. गाडी विकली गेली, आणि मी एका गोदामाच्या कोपऱ्यात गंजत पडलो.

मित्रांनो, गॅस वापरून झाला की व्हॉल्व्ह बंद करा, हे तर मी सांगेनच. सिलिंडर कधी काठोकाठ भरू नका, थंडीत त्याला विस्तवाजवळ नेऊ नका. पण कितीही जपले तरी कधी ना कधी चूक होते. ती झाली तर त्याच दिवशी कबूल करा. तुमची चूक दुसऱ्याच्या माथी बसली, तर तो तिच्यासह जी वर्षे जगतो, ती त्याला नंतर कुणीही भरून देऊ शकत नाही.