झाइडेलचा दुसरा अंक

सुमंतकाका मूळचे नागपूरचे, पण आयुष्य गेलं न्यू जर्सीत. पेशाने भूल देणारे डॉक्टर, त्यामुळे समोरचा माणूस शुद्धीवर असताना त्याच्याशी कसं वागायचं याचा सराव बेताचाच. रिटायर झाल्यावर नाटकाचं जुनं वेड उफाळून आलं आणि एका लायब्ररीच्या रद्दीत त्यांना कुर्ट झाइडेल सापडला. हा जर्मन नाटककार. नाझींनी नाटकं जाळली तेव्हा बर्लिनहून जीव घेऊन अमेरिकेत पळालेला. जर्सी सिटीतल्या एका हॉटेलात भांडी घासायचा, उरलेल्या वेळात जर्मनमध्ये नाटकं लिहायचा आणि इथे त्यांना कुत्रंही विचारायचं नाही. काकांनी त्याच्या आयुष्यावर दोन अंकी मराठी नाटक लिहिलं. तिथल्या मराठी मंडळात त्याचा प्रयोग ठरला आणि काकांचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

झाइडेल करत होता परीक्षित. पुण्याचा, आयटीतला, घरी बायको नेत्रा आणि शाळेत जाणारी मुलगी. पोरगा मेहनती, पण स्टेजवर लाकूड. दुसऱ्या अंकात झाइडेल एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो. बर्लिनमध्ये अडकलेल्या भावाला सोडवायचं तर इथल्या कुणीतरी सही करून त्याची हमी घ्यायला हवी. व्यापारी जेवत राहतो, याला ताटकळत ठेवतो. व्यापाऱ्याची भूमिका खुद्द काकांची. परीक्षित ती हमी अशी मागायचा, जणू शेजारणीकडे विरजण मागतोय. काका कपाळाला हात लावायचे.

मग परीक्षितची नोकरी गेली. व्हिसा कंपनीचा, म्हणजे मुदतीत दुसरी कंपनी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून परत. तरी तो तालमीला आला, सगळ्यांच्या आधी आला आणि काकांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमचे भाचे अरुणदादा, त्यांची अ‍ॅशबर्नला कंपनी आहे ना? तिथे ओपनिंग आहे, एक्झॅक्टली माझ्या कामाचं. मी मेसेज करू त्यांना?"

"वेडा आहेस का? असल्या मेसेजेसनी तो जाम इरिटेट होतो. मी शब्द टाकतो. तू मध्ये पडू नकोस."

मोठं माणूस शब्द टाकतो म्हणालं की परस्पर बोलायचं नसतं, ते त्यांचा अपमान केल्यासारखं होतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. परीक्षित वाकून पाया पडला.

काका त्याच संध्याकाळी फोन करणार होते, हे अगदी खरं. पण तालमीत दुसरा अंक आला. परीक्षित दारात उभा राहिला आणि 'हमी' म्हणताना त्याचा आवाज फुटला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. व्यापाऱ्याच्या तोंडाकडे न बघता तो त्याच्या ताटाकडे बघत बोलत होता. प्रॉम्प्टिंगला बसलेली नेत्रा उठून बाहेर गेली. काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला. मग मनात आलं, नोकरी लागली की हा पुन्हा विरजण मागायला लागणार. त्यांनी फोन ठेवून दिला. प्रयोग झाला की करू, तोवर काय आभाळ कोसळतंय? माणूस तसा वाईट नव्हता, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

"काका, अरुणदादा काही बोलले?" परीक्षित दर तालमीला विचारायचा.

"बघतोय म्हणाला," काका बेधडक ठोकून द्यायचे.

रंगीत तालमीच्या दिवशी नेत्रा झाइडेलचा कोट घेऊन आली. काका म्हणाले, "जरा ढगळ कर गं. उपाशी माणूस आहे तो."

"उसवायला नको, काका. त्याला तो आपोआप ढगळ झालाय." मग हळूच म्हणाली, "अरुणदादा नाही म्हणाले असतील तर तसं सांगा ना. आम्ही आमची तिकिटं तरी बुक करू."

"धीर धर गं," काका म्हणाले, आणि कोट त्यांना फार आवडला.

प्रयोग तुफान झाला. दुसऱ्या अंकात बायका पदर नि टिश्यू घेऊन बसल्या होत्या. पहिल्या रांगेतला अरुण डोळे पुसत थेट मेकअप रूममध्ये आला आणि त्याने परीक्षितचे दोन्ही हात धरले. "यार, काय काम केलंस! एरवी करतोस काय तू?"

परीक्षितने सांगितलं. शेवटी संकोचून म्हणाला, "काका बोलले असतीलच तुमच्याशी."

"नाही रे. कशाबद्दल?" अरुण काकांकडे वळला. "मामा, असाच माणूस मी कधीपासून शोधत होतो! परवा दुसऱ्याला ऑफर देऊन टाकली. एक फोन करायचा ना मला!"

कोटाची घडी घालता घालता नेत्रा थांबली. परीक्षित काकांकडे बघत होता. आता मागण्यासारखं काहीच उरलं नाही, हे कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता. काका बघतच राहिले. त्यांना वाईट वाटलं, मनापासून वाटलं. हा चेहरा याने मघाशी स्टेजवर का नाही दिला?

"मेकअप पुसू नकोस," ते घाईने म्हणाले. "फोटोवाला येतोय. असाच बघ. हां, असाच."

परीक्षितच्या हातात ओला कापूस होता. तो त्याने खाली ठेवला आणि काकांनी सांगितलं तसा उभा राहिला.